स्टार्टरला पाना लावण्याआधी

ट्रॅक्टर चालू होत नाही म्हणून जमिनीवर उभं राहून स्टार्टरला पाना लावू नका. पुढचं सगळं विसरलात तरी चालेल, एवढं मात्र लक्षात ठेवा.

आमच्या निपाणी भागात बैल कमी झाले आणि वीस-पंचवीस एचपीचे लहान ट्रॅक्टर वाढले. उसाला भर लावायची, तंबाखूच्या ओळी कोळपायच्या, शाळू पेरायचा, सगळीकडं तेच. पावसाच्या दिवसांत ते छपरात उभे असतात. खंडेनवमीला धुऊन, हार घालून पूजा होते. पुढं शेतात न्यायच्या दिवशी चावी फिरवावी, तर हूं नाही की चूं नाही.

भावकीतल्या एका घरी असंच झालं, तेव्हा मी तिथं होतो. डॅशबोर्डवरचे दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, पण स्टार्टर गप्प. पेरणीची घाई, जमिनीतली ओल उडून चाललेली. गावातला मेस्त्री आला. हात बसलेला माणूस, त्याच्या कामाबद्दल मला आजही आदर आहे. "काय नाय ओ अण्णा, डायरेक्ट करूया," म्हणाला आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे वाकून स्टार्टरच्या दोन बोल्टांवर पाना टेकवला. ठिणगी उडाली, इंजिन लगेच लागलं. ट्रॅक्टर पहिल्या गिअरात होता. जागा उताराची, सरकू नये म्हणून गिअरात टाकून ठेवलेला. मागचं मोठं चाक सरळ त्याच्यावर आलं. तो बाजूला पडला म्हणून वाचला, पण पाय चाकाखाली गेला आणि मांडीचं हाड मोडलं. ट्रॅक्टर गोठ्याच्या भिंतीला टेकला, तरी चाकं जागेवर फिरतच होती. कुणीतरी घाईनं चावी बंद केली, तिचा उपयोग झाला नाही. जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाला विजेची गरज नसते, एकदा इंजिन लागलं की डिझेल मिळेल तोवर चालतं. मी वर चढून स्टॉपची नॉब ओढली तेव्हा ते थांबलं.

बिघाड अगदी किरकोळ निघाला. क्लच पेडलपाशी एक लहानसा स्विच असतो, त्याची वायर उंदरानं कुरतडली होती. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टरला करंट जाऊ नये, एवढंच त्या स्विचचं काम. काही ट्रॅक्टरांत असा स्विच गिअरच्या दांड्यापाशी असतो, काहींत पीटीओच्या दांड्याशी, काहींत सीटखालीही. गाडी गिअरात असताना चालू होऊन माणसाच्या अंगावर जाऊ नये, यासाठीच ते बसवलेले असतात. पाना लावला की करंट या सगळ्यांना वळसा घालून थेट मोटरला मिळतो. अमेरिकेतही शेतकऱ्यांना याच प्रकाराबद्दल वर्षानुवर्षं बजावलं जातं, कारण माणसं तिथंही अशीच चिरडली आहेत.

म्हणून चावी फिरवल्यावर आधी कान द्या. दिवे लख्ख आणि स्टार्टर पूर्ण गप्प असेल, तर सीटवर बसा, दांडे न्यूट्रलला आणा, पीटीओ काढा, क्लच तळापर्यंत दाबा, मग पुन्हा चावी फिरवा. तरीही गप्पच असेल तर फ्यूज बघा, त्या स्विचांच्या वायरी बघा. स्विच बिघडला असेल तर नवा बसवा. वायरी एकमेकींना जोडून स्विच कायमचा बाद करायची सवय आमच्याकडं फार आहे. ती पाना लावण्याइतकीच घातक, कारण उद्या त्या ट्रॅक्टरवर घरातला पोरगा बसणार असतो.

टक-टक आवाज येतो आणि दिवे मंदावतात, तेव्हा दोष बहुतेक बॅटरीकडचा. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचलेली असते. आधी निगेटिव्ह, म्हणजे अर्थची वायर सोडवा, मग पॉझिटिव्ह. जोडताना बरोब्बर उलट. हा क्रम पाळला तर पाना चुकून बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही. खायचा सोडा गरम पाण्यात कालवून टोकं धुवा, सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. अर्थची वायर चेसिसला जिथं आवळलेली असते तिथला गंजही खरवडा. पुष्कळदा नवी बॅटरी आणल्यावर कळतं की दोष तिथंच होता. मल्टिमीटर घरात असावा. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. स्टार्टर फिरताना आकडा साडेनऊच्याही खाली गेला, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा बघा, तरीही घसरला तर ती बदलायला झाली.

दुसऱ्या बॅटरीवरून केबल लावायची असेल तर पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह आधी जोडा. निगेटिव्हचं शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता, तिच्यापासून लांब, बंद पडलेल्या ट्रॅक्टरच्याच इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, जवळ ठिणगी पडली तर ती फुटते आणि आतलं ॲसिड तोंडावर येतं.

स्टार्टर जोरात फिरतो पण इंजिन लागत नाही, असं झालं तर बॅटरीला दोष देऊ नका. पहिल्यांदा स्टॉपची नॉब ओढलेली राहिली आहे का ते बघा. मग डिझेलचा कॉक. सायलेन्सरमधून अजिबात धूर येत नसेल तर डिझेल इंजिनपर्यंत पोचतच नाही, बहुधा लाइनमध्ये हवा धरलेली असते. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग सलग धार लागेल, तेव्हा स्क्रू आवळा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मधे त्याला थंड होऊ द्या. पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून ट्रॅक्टर उभा केला की आतल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाशी साचतं. उभा करतानाच टाकी भरून ठेवावी.

आमच्या नदीकाठच्या लोकांना आणखी एक सांगायचं आहे. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत वेदगंगा-दूधगंगेचं पाणी शिवारात शिरलं. इंजिनपर्यंत पाणी चढलेला ट्रॅक्टर पूर ओसरल्यावर चालू करून बघायचा मोह होतो. चावीला हातही लावू नका. सिलिंडरमधली हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना पाण्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी सोडवा, डिपस्टिक काढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे. एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपात चिखल किंवा ओल असेल, तर पाणी सिलिंडरपर्यंत गेलं असं समजूनच चाला. मेस्त्रीकडून इंजेक्टर काढून घ्या, इंजिन हातानं फिरवून पाणी बाहेर पडू द्या, ऑइल आणि सगळे फिल्टर बदला, टाकी रिकामी करून नवं डिझेल भरा. त्यानंतर चावी, आणि तीही सीटवर बसून, क्लच दाबून.