माझ्याच प्रोग्रामवर लाल शिक्का

एटापल्लीत काही लोक मला 'व्हायरसवाला' म्हणतात, आणि ते कौतुकानं नाही. हे नाव एका वाहतूक ठेकेदाराच्या मॅनेजरनं पाडलं. त्याचं नाव लिहून मी त्याला मोठा करणार नाही. पण झालं काय ते एकदा नीट सांगायचं आहे. गोंडवाना विद्यापीठातून बीसीए झालेली पोरं अधूनमधून दुकानात येतात आणि 'सर, आपणही अँटिव्हायरस बनवू' म्हणतात. त्यांना तोंडी सांगून मी थकलो आहे.

सुरुवात शॉर्टकट व्हायरसनं झाली. ज्यांनी सेतू केंद्र किंवा झेरॉक्सचं दुकान चालवलं आहे त्यांना तो माहीत आहेच. पेन ड्राइव्हवरचे फोल्डर तो लपवतो, त्याच नावाचे शॉर्टकट करून ठेवतो, आणि शॉर्टकट दाबला की आधी आपली स्क्रिप्ट चालवून मग खरा फोल्डर उघडून दाखवतो. माणसाला पत्ताही लागत नाही. जातपडताळणीचा फॉर्म भरायला आलेलं पोर पुढच्या दुकानात तोच पेन ड्राइव्ह लावतं. मायक्रोसॉफ्टनं फेब्रुवारी 2011 मध्ये जुन्या विंडोजमधलं पेन ड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं तेव्हा आता हा विषय संपला असं पुण्यामुंबईत बोललं गेलं. पण शॉर्टकटला ऑटोरन लागतच नाही. 2021 मध्ये सापडलेला रास्पबेरी रॉबिन नावाचा व्हायरसही पेन ड्राइव्हवरच्या शॉर्टकटमधूनच पसरायला लागला. तेव्हा 'हे जुने प्रकार आता कुठे राहिले' असं मला सांगू नका.

विकतचे अँटिव्हायरस आमच्याकडे निम्मे निकामी. त्यांना रोज अपडेट लागतं आणि पावसाळ्यात नेट कधी येईल ते टॉवरलाच ठाऊक. म्हणून मी नेटशिवाय चालणारा, आमच्या भागात फिरणारे व्हायरसच तेवढे ओळखणारा छोटा प्रोग्राम लिहिला. तो चालणारी स्क्रिप्ट आधी थांबवायचा, रजिस्ट्रीतली तिची नोंद काढायचा आणि मग लपलेले फोल्डर मोकळे करायचा. हा क्रम महत्त्वाचा. फोल्डर आधी मोकळे केलेत तर स्क्रिप्ट काही सेकंदांत ते परत लपवते. एवढं साधं न कळणारी टूल्स लोक पैसे देऊन घेत होते.

सूरजागडचं लोहखनिज 2021 नंतर जोरात निघायला लागलं. ट्रक आले, त्यांच्यामागे वजनकाटे आले आणि त्यांची ऑफिसंही आली. या ठेकेदाराच्या काट्यावरच्या कॉम्प्युटरला नेट नव्हतं. दिवसभराची वजनं पेन ड्राइव्हवर घालून आलापल्लीच्या ऑफिसात न्यायची, तिथून पेन ड्राइव्ह परत काट्यावर. अशा ठिकाणी व्हायरस शिरला नाही तरच नवल. मला बोलावलं, मी सगळ्या मशीन साफ केल्या, माझा प्रोग्राम बसवला. काही महिने सगळं सुरळीत. बिल 'पुढच्या महिन्यात'.

मग एके दिवशी ऑफिसातल्या मुलानं मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. मशीनवर कंपनीचा विकतचा अँटिव्हायरस होताच, तो अपडेट झाला आणि पहिलं काम त्यानं काय केलं तर माझा प्रोग्राम उचलून क्वारंटाइनमध्ये टाकला. स्क्रीनवर लाल पट्टी, त्यावर 'ट्रोजन'.

मी पोचलो तेव्हा मॅनेजर दोन ड्रायव्हरांसमोर म्हणाला, "हे काय करून ठेवलं भाऊ तुम्ही? तुम्हीच टाकायचा आणि तुम्हीच काढायचा, असा धंदा आहे काय?" मी समजावून सांगत होतो आणि तो स्क्रीनकडे बोट दाखवत होता. त्या क्षणी मला जे कळलं ते कोणत्याही पुस्तकात नाही. माझा कोड बरोबर आहे की नाही हा इथे प्रश्नच नव्हता. माझ्या शब्दाविरुद्ध एका मोठ्या कंपनीची लाल पट्टी होती आणि पट्टीला कोणी पुरावा मागत नाही.

रात्री तीच फाइल व्हायरसटोटलवर टाकली. तिथे साठ-सत्तर इंजिनं एकाच वेळी तपासतात. आधी मोजक्यांनीच संशय घेतला होता, पुढे आणखी काहींनी तसलाच शिक्का मारला. योगायोग? 2010 मध्ये कॅस्परस्कीनं मुद्दाम एक प्रयोग केला होता. 20 निरुपद्रवी फाइली बनवल्या, त्यातल्या 10 फाइलींना स्वतः खोटंच 'व्हायरस' ठरवलं आणि सगळ्या व्हायरसटोटलवर टाकल्या. दहा दिवसांत त्या दहांना व्हायरस म्हणणाऱ्या इतर कंपन्या 14 पर्यंत गेल्या. एकमेकांच्या पाट्या बघून उत्तरं लिहिणाऱ्या पोरांना आमच्या शाळेत मास्तर उठवून बाहेर काढायचे.

माझा प्रोग्राम ऑटोइटमध्ये होता. ते फुकट, सोपं, म्हणून व्हायरस लिहिणारेही तेच वापरतात, आणि आळशी इंजिनं त्यात बनवलेल्या सगळ्याच फाइलींकडे संशयानं बघतात. ऑटोइट वापरणं हा काही गुन्हा नव्हे. तरी सांगतो: जमत असेल तर सी प्लस प्लसमध्ये लिहा, आणि फाइल लहान करण्यासाठी यूपीएक्ससारखा पॅकर अजिबात लावू नका. दुसरं, व्हायरस ओळखायच्या सिग्नेचर प्रोग्राममध्ये उघड्या ठेवू नका. त्यात व्हायरसचेच तुकडे असतात, दुसऱ्याचा अँटिव्हायरस ते वाचतो आणि तुम्हालाच चोर ठरवतो. त्या एन्क्रिप्ट करा, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. नवी आवृत्ती गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी मायक्रोसॉफ्ट आणि इतर कंपन्यांच्या 'चुकीची ओळख' कळवायच्या पानांवर पाठवा. हे प्रत्येक आवृत्तीला नव्यानं करावं लागतं. व्हायरसटोटलवर टाकलेली फाइल सगळ्या कंपन्यांपर्यंत जाते, हेही ध्यानात ठेवा. अर्धवट काम तिथे टाकू नका.

'मग प्रोग्रामला डिजिटल सही का नाही घेतली?' असं शहाणे विचारतात. कोड सायनिंगचं प्रमाणपत्र डॉलरमध्ये येतं आणि दर वेळी नूतनीकरण. देणारी संस्था तुमचा फोन नंबर एखाद्या सार्वजनिक डिरेक्टरीत शोधते आणि त्यावर फोन करून खात्री करते. एटापल्लीतल्या दुकानाचा नंबर कोणत्या डिरेक्टरीत असतो ते मला सांगा. 1 जून 2023 पासून सहीची किल्ली हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित उपकरणावर ठेवणं सक्तीचं झालं. म्हणजे आता कुरिअरची वाट बघा. त्यातून फाइल उघडतानाच अडवायची असेल, म्हणजे खरं संरक्षण द्यायचं असेल, तर ड्रायव्हर लिहावा लागतो. 2016 च्या विंडोज 10 आवृत्तीपासून नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टचीच सही लागते, त्यासाठी वरच्या दर्जाचं ईव्ही प्रमाणपत्र लागतं, आणि ते व्यक्तीला मिळत नाही, नोंदणीकृत व्यवसाय लागतो. विंडोजच्या सिक्युरिटी सेंटरमध्ये 'हा अँटिव्हायरस आहे' अशी नोंद हवी असेल तर मायक्रोसॉफ्टच्या व्हायरस इनिशिएटिव्हचं सदस्यत्व, आणि त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळांच्या चाचण्या. हे सगळं का केलं ते मला कळतं. खोटे अँटिव्हायरस विकून लोकांना लुटणारे खरंच होते. पण या चाळणीतून एकटा माणूस खाली पडतो, हे कोणी बोलत नाही.

उलट मला ऐकवतात, 'क्विक हीलवाले काटकर बघ!' बघितले. रहिमतपूरचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता पुण्यात उभे राहिले आणि धाकट्या संजयनं अँटिव्हायरस लिहिला, ही गोष्ट मला पाठ आहे आणि तिचा मला अभिमानही आहे. पण ते दोघे होते. एकानं कोड सांभाळला, एकानं दुकान आणि गिऱ्हाईक. शिवाय 1990 च्या दशकात व्हायरस फ्लॉपीवरून यायचे आणि विंडोजचा स्वतःचा फुकट पहारेकरी नव्हता. 2012 च्या विंडोज 8 पासून डिफेंडर आतच येतो. एव्ही-टेस्ट ही जर्मन संस्था दिवसाला साडेचार लाखांहून जास्त नवे घातक आणि नकोसे प्रोग्राम नोंदवते. एकट्यानं त्यांचा पाठलाग करायचा नसतो. आपल्या भागातले चार व्हायरस पकडा आणि तेवढेच पकडतो असं छापून द्या.

व्हायरसचे नमुने जपून ठेवा, पण पासवर्ड लावलेल्या झिप फाइलमध्ये आणि नेट नसलेल्या मशीनवर. आमच्याकडे नाक्यावर पोलीस पिशवी तपासतात. 'या पेन ड्राइव्हमध्ये काय आहे?' या प्रश्नाला 'व्हायरस' असं उत्तर देऊन बघा एकदा. दुसऱ्याच्या मशीनमध्ये लबाडीनं व्हायरस सोडला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुम्ही सोडला नाही हे तुम्हालाच सांगत बसावं लागतं. म्हणून कोणत्या मशीनवर कोणत्या तारखेला कोणती फाइल बसवली, तिचा हॅश काय, हे कागदावर लिहून समोरच्याची सही घ्या. निम्मे पैसे आधी. बॅकअप घ्या, गोड बोला, वगैरे तुम्हाला माहीतच आहे.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. 21 एप्रिल 2010 ला मॅकॅफीच्या अपडेटनं विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट फाइल व्हायरस समजून काढली आणि जगभरातली ऑफिसं बसली. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइकच्या अपडेटनं सुमारे 85 लाख कॉम्प्युटर निळे पडले, विमानं अडकली. त्याला म्हणायचं 'तांत्रिक बिघाड'. आणि माझ्या प्रोग्रामनं काहीच न मोडता मी 'व्हायरसवाला'.

पुढे काय झालं तेही सांगतो. काही दिवसांनी त्याच विकतच्या अँटिव्हायरसनं काट्याचंच सॉफ्टवेअर क्वारंटाइन केलं. वजन होईना, ट्रकची रांग लागली. मॅनेजरचा फोन मलाच. आवाज एकदम मऊ, 'भाऊ, जरा बघता का?' मी फोनवरच सांगितलं, फाइल क्वारंटाइनमधून परत आणा, तो फोल्डर तपासणीतून वगळा. काटा सुरू झाला. 'अपडेटचा प्रॉब्लेम होता' असं त्यानं वर कळवलं म्हणे. त्या फोनचं बिल मी जुन्या बिलाला जोडून पाठवलं आहे, या वेळी रजिस्टर पोस्टानं.