पाया लेबारहून मास्टर्स बघताना

१. आधी वेळ, मग खेळाडू. सिंगापुरात पाया लेबारच्या घरातून पुरुष टेनिसच्या वर्षाच्या नऊ मास्टर्स स्पर्धा बघायच्या तर हे पाळावंच लागतं. एप्रिलमधलं माँटे कार्लो सगळ्यात सोयीचं. तिथे सकाळी अकराला खेळ सुरू होतो तेव्हा इथे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. इंडियन वेल्सचे संध्याकाळचे सामने इथे दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन ऑफिसात. ते चोरूनच बघायचे. रोमच्या रात्रीच्या सत्राच्या नादी लागू नये, सकाळी एमआरटीत उभ्याउभ्या डुलक्या येतात. शांघायचं आणि आपलं घड्याळ मात्र एकच, त्यामुळे ऑक्टोबरात घरी सण असतो.

२. अंतिम सामना हुकला तरी चालेल, सुरुवातीचे दिवस हुकवू नका. बड्या मानांकितांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते, म्हणून तेव्हा कोर्टवर दिसतात ते क्रमवारीत टिकून राहण्यासाठी झगडणारे. २०२५ मध्ये शांघायला मोनॅकोचा व्हॅलेंटिन व्हॅशेरो पात्रता फेरीतून आला. जागतिक क्रमवारीत तो २०४ वा होता. उपांत्य फेरीत त्याने जोकोविचला हरवलं आणि अंतिम सामन्यात नात्यातल्याच भावाला, आर्थर रिंडरक्नेशला. इतक्या खालच्या क्रमांकावरून मास्टर्स कुणीच जिंकली नव्हती. पात्रता फेरीत त्याचं नाव किती जणांनी वाचलं असेल?

३. लाल माती सगळीकडे सारखी नसते. माँटे कार्लो समुद्रकाठी, तर माद्रिद साधारण ६५० मीटर उंचीवर. तिथे हवा विरळ, चेंडू सुसाट पळतो. म्हणूनच की काय, नदालने माँटे कार्लो ११ वेळा जिंकलं, पण घरच्या माद्रिदला मातीवर चारदाच. २०१२ मध्ये तर माद्रिदवाल्यांनी माती चक्क निळी केली. पाय घसरतात म्हणून नदाल आणि जोकोविच दोघेही भडकले, आणि पुढच्या वर्षी माती पुन्हा लाल. टीव्हीवर छान दिसावं म्हणून केलेल्या गोष्टींचं बहुतेक असंच होतं.

४. विजेत्याला १००० गुण, पण ५२ आठवड्यांपुरतेच. गतविजेता लवकर हरला की त्याचा चेहरा का पडतो, ते यावरून कळतं.

५. दुहेरी बघा. रोहन बोपण्णाने मॅथ्यू एब्डनबरोबर २०२३ चं इंडियन वेल्स जिंकलं तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. मास्टर्स जिंकणारा सर्वात वयस्क खेळाडू. पुढच्या वर्षी मायामीत त्याने स्वतःचाच विक्रम मोडला. बालेवाडीत त्याला खेळताना पाहिलेल्या पुणेकरांना याचं अप्रूप जरा जास्तच.

६. जवळचं स्टेडियम आपल्या कामाचं असेलच असं नाही. पाया लेबारहून सर्कल लाइनवर तिसरं स्टेशन म्हणजे स्टेडियम. तिथल्या इनडोअर स्टेडियममध्ये २०१४ ते २०१८ महिलांची डब्ल्यूटीए फायनल्स झाली. पुरुषांची एटीपी २५० स्पर्धाही २०२१ मध्ये सिंगापूरला झाली, ॲलेक्सी पॉपिरिनने जिंकली. मास्टर्ससाठी मात्र विमानच पकडावं लागतं, आणि सगळ्यात जवळचं शांघाय. तिकीट काढायचं तर पहिल्या आठवड्यातलं काढा. स्पर्धा भरते ते चीझोंगचं कोर्ट शहरापासून बरंच लांब आहे, तेव्हा रात्री परतायची सोय सामना सुरू होण्याआधीच करून ठेवा.