पोथीपुढचे धान्य : लक्ष्मीबाई डोंगरे यांचे पुराणाध्ययन

श्रीक्षेत्र पैठण येथे गोदास्नान करून नाथांच्या समाधीचे दर्शन घेणाऱ्या भाविकांना श्रीमद्भागवताची महती सांगण्याची आवश्यकता नाही. या ग्रंथाच्या एकादश स्कंधावर शांतिब्रह्म श्री एकनाथ महाराजांनी मराठी टीका रचली आणि संस्कृत न जाणणाऱ्यांसाठी तो मोकळा केला. मूळ संस्कृत भागवत, परंपरेने अठरा सहस्र मानलेल्या श्लोकांसह, एकोणिसाव्या शतकात एका गृहिणीने आपल्या कन्येकडून मुखोद्गत करवून घेतले. त्या गृहिणीचे नाव लक्ष्मीबाई डोंगरे व कन्येचे नाव रमाबाई. कन्येची कीर्ती सर्वदूर पसरली, मातेचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही.

स्त्रीच्या धर्माध्ययनाचा प्रश्न छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याला नवा नव्हता. वेरूळजवळील देवगाव येथे १६२८ साली जन्मलेल्या संत बहिणाबाईंना कथाकीर्तनाच्या ओढीपायी पतीचा मार सोसावा लागला होता. वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे त्यांची समाधी आहे. बहिणाबाईंच्या वाटेत घरचाच विरोध होता. लक्ष्मीबाईंच्या घरी विरोध नव्हता, उलट पती हाच गुरू होता. त्यांना अडचण आली ती अन्नाची.

लक्ष्मीबाईंचा विवाह गोदातीरीच झाला. त्यांचे वडील पत्नी व दोन मुलींसह तीर्थयात्रेस निघाले होते. थोरली मुलगी नऊ वर्षांची, धाकटी सात. एके दिवशी प्रातःस्नानाच्या वेळी त्यांना एक विद्वान विधुर ब्राह्मण भेटले. कुल, गोत्र व गाव यांची चौकशी होऊन घटकाभरात थोरलीचा विवाह ठरला आणि दुसऱ्या दिवशी तो लागलाही. वडील पुढील यात्रेस निघून गेले. नऊ वर्षांची मुलगी अनोळखी वरासोबत सुमारे नऊशे मैल दूर गेली. सुदैवाने वर सज्जन निघाला एवढेच; त्या काळच्या रीतीचे समर्थन यातून होत नाही.

हे वर म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे, मंगळूर प्रांतातील चित्पावन ब्राह्मण. पुणे येथे रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत असताना, गुरुजी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवितात हे त्यांनी पाहिले होते. स्त्री संस्कृत बोलू शकते याचे त्यांना मोठे नवल वाटले. प्रथम पत्नीला शिकविण्याचा त्यांचा प्रयत्न घरच्यांच्या विरोधामुळे फसला. तो प्रयोग त्यांनी लक्ष्मीबाईंवर पुन्हा आरंभिला आणि या शिष्येने तो सिद्धीस नेला.

गावच्या पंडितांनी आक्षेप घेतला व प्रकरण उडुपी येथे मध्व संप्रदायाच्या पीठाधिपतींपुढे गेले. अनंतशास्त्री सनातनी वृत्तीचे होते. वेदाधिकाराचा प्रश्न त्यांनी काढला नाही. वेद ऐकण्याचा अधिकार नसलेल्यांसाठी, स्त्रियांसाठीही, व्यासांनी भारत रचले हे भागवतातच सांगितले आहे. मग ज्यांच्यासाठी ते वाङ्मय निर्माण झाले त्यांनी ते स्वतः का वाचू नये? शास्त्रीबुवांनी ग्रंथोग्रंथीचे आधार गोळा करून आपली बाजू मांडली व ती मान्य झाली. तथापि गावातील कटकट सरली नाही. अखेर त्यांनी पश्चिम घाटातील गंगामूळ हे अरण्यक्षेत्र गाठले. तुंगा व भद्रा या नद्यांचे उगमस्थान असलेले हे ठिकाण आज कर्नाटकात चिक्कमगळूरु जिल्ह्यात आहे. तेथे पहिल्या रात्री डोक्यावर छप्परही नव्हते. वाघाची डरकाळी ऐकून बालवधू पासोडीत गुरफटून थरथरत पडली होती आणि शास्त्रीबुवा उजाडेपर्यंत पहारा देत होते.

या रानात लक्ष्मीबाई पंडिता झाल्या. दिवसा स्वयंपाक, धुणे, मुलांचे संगोपन व अतिथींची सरबराई. पुराणांचा अभ्यास रात्री. पुढे रमाबाईंना शिकविण्याची वेळ आली तेव्हा शास्त्रीबुवा वृद्ध झाले होते, म्हणून ते काम मातेकडे आले. घरकामातून सवड मिळे ती पहाटेचीच. पेंगुळलेल्या मुलीला गोंजारून उठवावे आणि पाखरांच्या किलबिलाटात एकेक श्लोक म्हणवून घ्यावा, असा तो पाठ असे. पुस्तकाची गरजच नव्हती, सारे मातेच्या मुखातून येई.

या अध्ययनाचा खर्च कसा भागत होता, हे जाणून घेतल्याशिवाय त्या माउलीचे कष्ट समजत नाहीत. पुरुष विद्यार्थ्याला माधुकरी होती, अन्नछत्रे होती, पेशवाईत पुण्याचा श्रावणातील रमणा होता. पेशवाई बुडाल्यावर त्याच दक्षिणेच्या रकमेतून १८२१ साली पुण्यास विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. या सर्व व्यवस्थेत स्त्रीसाठी पसाभर धान्याचीही तरतूद नव्हती. डोंगरे कुटुंबाचा आधार म्हणजे वडिलोपार्जित जमीन. गंगामुळास येणारे यात्रेकरू आणि घरी शिकणारे विद्यार्थी यांना पोसता पोसता तीही कर्जात गेली. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. त्या सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने घर सोडले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगराखाली उतरविण्यात आले.

यापुढे पुराणकथन हीच उपजीविका झाली. देवळाच्या मंडपात, नदीकाठी किंवा झाडाच्या सावलीत पुराणिकाने पोथी उघडून मूळ संस्कृत वाचावे. श्रोत्यांनी पोथीपुढे फुले, फळे, धान्य, वस्त्र, पैसा यथाशक्ती ठेवावा. पुराणिक काही मागत नाही. मागणे हा त्याच्या वृत्तीचा भंग समजला जाई. आजही पोथीपुढे तांदळाची मूठ ठेवणाऱ्या भाविकांच्या ध्यानात कदाचित येत नसेल की एखाद्या घराची त्या दिवसाची चूल तीवरच पेटत होती. डोंगरे कुटुंबात पुढे लक्ष्मीबाई व मुलेही पुराण वाचू लागली. क्षेत्रोक्षेत्री काही महिने मुक्काम करायचा, वाचन करायचे, मिळालेल्यातून दानधर्म करायचा व पुढे निघायचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. दुसरे काम करण्याचे शिक्षण मुलांना दिले गेले नाही. विद्येवर एवढी निष्ठा ठेवणाऱ्या आईबापांनी हा एक धोका पत्करला होता, आणि तोच अखेर अंगावर आला.

दक्षिणेत दुष्काळ पडला. श्रोत्यांच्या घरीच दाणा नव्हता, तेथे पोथीपुढे काय येणार? दागिने गेले, भांडी गेली. १८७४ साली अनंतशास्त्री निवर्तले. पाठोपाठ लक्ष्मीबाई तापाने व उपासमारीने खंगल्या. भ्रमात त्या खायला मागत. सोळा वर्षांची रमाबाई बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागण्यासाठी एका ब्राह्मण गृहिणीच्या दारी गेली. पण कधी याचना न केलेल्या तिच्या तोंडून शब्द फुटेना. त्या बाईने ओळखून तुकडा हातावर ठेवला. धावत परतून तिने तो आईपुढे धरला, तेव्हा आईला तो गिळण्याची शक्ती उरली नव्हती. खांदा देण्यास दोनच ब्राह्मण मिळाले. उरलेल्या दोन बाजू पुत्र श्रीनिवास व रमाबाई यांनी सांभाळल्या. रमाबाईंची उंची कमी, म्हणून त्यांनी तिरडीचा भार डोक्यावर घेतला. स्मशान तीन मैलांवर होते.

काही महिन्यांत थोरली बहीण कृष्णाबाई पटकीने गेली. भाऊ-बहीण पायी हिंडत उत्तरेस पोहोचले. पंजाबात झेलम नदीकाठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नसल्याने दोघांनी वाळूत खड्डे खणून, अंगावर कोरडी वाळू ओढून रात्र काढली. १८७८ साली ती कलकत्त्यास आली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८२ साली त्या पुण्यास आल्या व स्त्रियांसाठी आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचे पुढील कार्य हा स्वतंत्र विषय आहे. गंगामूळपासूनची ही सारी हकीकत कळते ती मुख्यत्वे त्यांनीच लिहून ठेवल्यामुळे.

कलकत्त्यातील एक प्रसंग मात्र येथे सांगितला पाहिजे. ब्राह्मसमाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी रमाबाईंना वेद वाचले आहेत का, असे विचारले. स्त्रीला तो अधिकार नाही, असे उत्तर त्यांनी दिले. माता-पित्यांनी सारे शिकविले होते, फक्त ती एक मर्यादा पाळली होती. केशवचंद्रांनी वेदाची एक प्रत त्यांच्या हाती दिली. रमाबाई प्रथम कचरल्या, मग त्यांनी वाचावयास प्रारंभ केला. लक्ष्मीबाईंना जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती.