वाढीचा दर आणि देशाचे दारिद्र्य

चक्रवाढ व्याजाचा हिशेब आपल्या व्यापारी घरांतून मुलांना लहानपणीच शिकविला जातो. दरात एका टक्क्याचा फरक पडला, तरी दीर्घ मुदतीत रकमेत केवढे अंतर पडते, हे सभासद बंधूंना निराळे सांगावयास नको. हाच हिशेब राष्ट्राच्या उत्पन्नास लावून पाहिला, म्हणजे काही देश गरिबीतून लवकर वर का येतात व काही तीतच का रुतून राहतात, याचा बराचसा उलगडा होतो.

१९५० ते १९८० या तीस वर्षांत भारताचे राष्ट्रीय उत्पन्न दरसाल सुमारे ३.५ टक्क्यांनी वाढले. परंतु लोकसंख्याही दरसाल दोन टक्क्यांहून अधिक वाढत होती. म्हणजे माणशी वाढ उरली ती सव्वा टक्क्याच्या आसपास. या गतीने उत्पन्न दुप्पट होण्यास सुमारे ५५ वर्षे लागतात; तीस वर्षांत ते दीडपटही होत नाही. दक्षिण कोरियाही १९६० च्या सुमारास गरीबच होता. जमिनीचे फेरवाटप, शिक्षणाचा प्रसार व निर्यातीचे उद्योग यांच्या बळावर पुढील तीन दशकांत तेथील दरडोई उत्पन्न दरसाल सहा टक्क्यांहून अधिक वेगाने वाढले आणि एकाच पिढीत पाचपटीपलीकडे गेले.

मग आपल्याकडे बचत कमी पडली काय? १९५०-५१ मध्ये ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या एकदशांशाच्या आसपास होती. १९८० पर्यंत जवळजवळ दुप्पट झाली. तरीही वाढीचा दर फारसा हलला नाही. खरी मेख येथेच आहे. दुकानात भांडवल पुष्कळ असूनही माल फिरला नाही, तर नफा पदरी पडत नाही. देशाचेही तसेच झाले. १९५१ च्या कायद्यान्वये मोठा कारखाना काढण्यास अथवा वाढविण्यास सरकारी परवाना लागे; निर्यातीकडे दुर्लक्ष झाले; शेती पावसावर विसंबून राहिली आणि १९६५-६६ व १९६६-६७ च्या लागोपाठच्या अवर्षणांनी तिचे कंबरडे मोडले. भांडवल वाढले, पण उलाढाल मंदावली.

या मंदगतीची किंमत गरिबांनी मोजली. नियोजन आयोगाच्या हिशेबाप्रमाणे १९७३-७४ मध्ये देशातील निम्म्याहून अधिक लोक दारिद्र्यरेषेखाली होते. १९८० नंतर वाढीचा वेग चढला व १९९३-९४ पर्यंत हे प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांवर उतरले.

ज्याच्या हाती पैसा नाही, तो आपले गिऱ्हाईक होऊ शकत नाही. म्हणून शेतकरी, विणकर व लहान कारागीर यांच्यापर्यंत वाजवी दराने भांडवल पोचावे व ते फिरते राहावे, यातच त्यांचे आणि आपलेही हित आहे. आपापल्या पेठेत पैसा कोठे पडून आहे व कोणाच्या हाती तो कामास लागेल, याचा विचार प्रत्येक सभासदाने करावा, अशी आमची विनंती आहे.