प्रकाशाने अंतर मोजताना

आळेफाट्याहून रात्री आणे घाट चढताना पुढे मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली असेल, तर चालकाला ती फार उशिरा दिसते. मग चालकाविना धावणाऱ्या मोटारीला ती कशी दिसावी? या प्रश्नामुळे आम्ही लायडारच्या अभ्यासाकडे वळलो.

लायडार स्वतःचाच प्रकाश सोडते, म्हणून काळोखाने त्याचे अडत नाही. लेसरचा क्षणिक झोत ट्रॉलीवरून परततो आणि लागलेल्या वेळेवरून अंतर निघते. ट्रॉली १०० मीटरवर असेल, तर हा वेळ सेकंदाचा सुमारे १५ लाखावा भाग. मोजणीत सेकंदाच्या एक अब्जांशाची चूक झाली, तरी अंतर १५ सेंटिमीटरने चुकते. २००७ साली अमेरिकेतील चालकरहित मोटारींच्या शर्यतीत अनेक संघांनी ६४ किरणांचे फिरते लायडार वापरले.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत लायडार त्याआधीच, १९८० च्या दशकात आले. मात्र ते हवेतील धूलिकणांच्या अभ्यासासाठी. कणांवरून विखुरलेला प्रकाश हीच तेथील नोंद. मोटारीला नेमका तोच नकोसा! घाटात धुके उतरले, की थेंबांवरून परतलेला प्रकाश ट्रॉलीवरच्या प्रकाशाआधी पोहोचतो. म्हणून एकाच झोताची नंतरची परावर्तनेही तपासावी लागतात.

झोत प्रखर करावा, तर ९०५ नॅनोमीटरचा किरण डोळ्याच्या पडद्यापर्यंत जातो. त्याला मर्यादा घालावीच लागते. १५५० नॅनोमीटरचा किरण तेथवर पोहोचत नाही, पण त्याचे संवेदक महाग, आणि पाणी तो अधिक शोषते. भिजलेली ट्रॉली त्याला फिकीच दिसते.