गाव निवडून जा

कासार आळी, भिवंडी
रविवार, १४ डिसेंबर २०२५

चि. ऋतुजास,


तुझा लांबलचक मेसेज ताईनं परवा वाचून दाखवला. मग मी तो माझ्या फोनवर मागवून घेतला आणि दोनदा सावकाश वाचला. स्पेनला जायचं, टेक्स्टाइलमध्येच पुढचं शिकायचं, बार्सिलोना मनात भरलंय, आणि शेवटी, 'मामा, कमीत कमी किती पैशांत जमेल ते सांग.' याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. एकतीस वर्षं सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमध्ये वह्या लिहिल्या. हिशेब कागदावर मांडल्याशिवाय मला तो दिसत नाही.

आधी हे सांगतो की तू जा. भाऊजींना धास्ती वाटते आणि ती खोटी नाही. पण गेल्या वर्षी तुमचे आठ माग भंगारवाल्यानं किलोवर तोलून नेले, त्या दिवशी मी तिथे उभा होतो. एका मागाच्या बीमवर सूत शिल्लक होतं. ते कात्रीनं कापून बाजूला ठेवलं आणि लोखंड टेम्पोत चढलं. भाऊजी एक शब्द बोलले नाहीत. जाताना त्यांनी एक धोटा उचलून पिशवीत टाकला, तो अजून देव्हाऱ्याखालच्या फळीवर आहे. त्या घरातली मुलगी व्हीजेटीआयमधून टेक्स्टाइल शिकून, दोन वर्षं इचलकरंजीत कापड तपासून, आता त्याच विद्येसाठी सातासमुद्रापार जाते म्हणते, तर तिला अडवणारा मी कोण?

पण तुझ्या 'कमीत कमी' या शब्दाशी मला भांडायचं आहे. पैसे पुरेसेच न्यावे लागतात, त्यात काटकसर चालत नाही. स्वस्त असावं लागतं ते गाव. हे मी भिवंडीत शिकलो. आझमगढ-बस्तीकडचे विणकर, तेलंगणातले पद्मशाली इथे आले. मुंबई तासा-दीड तासावर असताना ते इथेच का थांबले? इथे खोली पाळीवर मिळायची. दिवसपाळीवाला उठून मागावर गेला की रातपाळीवाला त्याच चटईवर पाठ टेकायचा. जेवायला बिस्सी, म्हणजे कामगारांची खानावळ. मी पगार वाटायला बसायचो तेव्हा दाराबाहेर बिस्सीवाला वही घेऊन उभा असायचा. पंधरवड्याचं जेवण तिथल्या तिथे चुकतं व्हायचं आणि उरलेले पैसे घेऊन माणूस थेट पोस्टात, मनीऑर्डरच्या रांगेत. आमच्याकडे जौनपूरचा एक वार्पर होता. त्याचा सख्खा भाऊ मुंबईत होता आणि त्याला पगार याच्यापेक्षा जास्त. तरी गावाकडचं घर पक्कं बांधलं ते भिवंडीतल्यानं. मुंबईतल्याचा जादा पगार भाड्यातच जात होता.

आता बार्सिलोना बघ. तिथलं सरासरी घरभाडं महिन्याला हजार युरोच्या वर गेलं आहे. भाड्याच्या विरोधात तिथले लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले. पर्यटकांना देण्याच्या दहा हजारांवर घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे, असं तिथल्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केलं. ज्या शहरात तिथल्याच मुलांना घर परवडत नाही, तिथे नवख्या परदेशी मुलीला खोली कोण आणि कितीला देणार? बार्सिलोनाजवळची साबादेल आणि तेरासा ही जुनी गिरण्यांची गावं. आपल्याला जसं मँचेस्टर म्हणतात तसं साबादेललाही म्हणायचे. तेरासात एका जुन्या कापड गिरणीत विज्ञान-तंत्रज्ञानाचं मोठं संग्रहालय केलं आहे. ते बघायला तू जरूर जा. राहायला मात्र नको. तिथेही बार्सिलोनाची झळ पोचते.

मी तुझ्यासाठी अल्कॉय शोधून ठेवलं आहे. आलिकांते प्रांतात, डोंगरात, साठेक हजार वस्तीचं गाव. दऱ्यांवर पूल टाकून जोडलेलं, म्हणून पुलांचं गाव म्हणतात. एकोणिसाव्या शतकात तिथे कापड आणि कागद या दोन्हींचे कारखाने वाढले. १८२१ मध्ये आसपासच्या खेड्यांतल्या लोकांनी तिथली नवी यंत्रं फोडली, कारण घरी सूत कातून मिळणारी मजुरी त्या यंत्रांनी हिरावली होती. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. आपल्या इथली यंत्रं कुणी फोडली नाहीत, ती आपोआप भंगारात गेली. पण तिथे पुढे काय झालं ते महत्त्वाचं. कारखाने कमी झाले तरी विद्या गावात टिकली. व्हॅलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाचं एक केंद्र अल्कॉयला आहे, तिथे टेक्स्टाइल इंजिनिअरिंगचा मास्टर्स आहे. आयटेक्स ही कापडावर संशोधन करणारी संस्था १९८५ पासून त्याच गावात आहे. जिथे शिकायचं तिथेच चाचणीशाळा आणि कारखानेही. तुझ्यासारखीला याहून काय हवं? शातिवाहून अल्कॉयला जाणारी रेल्वे डोंगरातून रमतगमत जाते आणि दिवसाला गाड्या थोड्याच. भिवंडी रोड स्टेशनवर दिवा-वसईची वाट बघत वाढलेल्या मुलीला त्याचं काय वाटणार!

कोर्स निवडताना एक शब्द पक्का लक्षात ठेव, 'ओफिसियाल'. तिकडे सरकारमान्य अधिकृत मास्टर्स वेगळा आणि विद्यापीठाची स्वतःची पदवी, 'तितुलो प्रोपियो', वेगळी. दुसरीची जाहिरात गोड असते, फीही बहुधा जास्त, आणि पुढे कागदपत्रांना तिचं वजन कमी. सरकारी विद्यापीठात फी क्रेडिटवर मोजतात, एका वर्षाची ६० क्रेडिट. युरोपबाहेरच्यांना दर किती, ते प्रत्येक स्वायत्त प्रदेशात निराळं असतं. विद्यापीठाला ईमेल करून लेखी उत्तर घे.

आता पैसे. विद्यार्थी व्हिसासाठी दाखवायची रक्कम 'इप्रेम' या सरकारी आकड्यावर ठरते. तो २०२३ पासून महिन्याला ६०० युरो आहे, म्हणजे वर्षाचे ७,२००. २०२५ च्या सुरुवातीला युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता, तेव्हा हे ६ लाख ४८ हजार झाले असते. आज एकशेपाच धरला तर ७ लाख ५६ हजार. तू एक पैसा खर्च केला नाहीस आणि खर्च १ लाख ८ हजारांनी वाढला. म्हणून वहीत युरोचा आणि रुपयांचा असे दोन रकाने कर आणि रुपयांचा रकाना एकशेदहाच्या भावानं मांड. उरले तर चांगलंच. फी, आरोग्य विमा, तिकीट, घराचं डिपॉझिट हे सगळं याच्याबाहेर. यातलं तिकीट काही सगळ्यात मोठं नाही, पण सगळे रडतात ते तिकिटावरच. व्हिसा हातात पडेपर्यंत ते काढूच नकोस.

बँकेचं शैक्षणिक कर्ज घेऊन पैसे पाठवलेस तर १ एप्रिल २०२५ पासून त्यावर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर, लागत नाही. स्वतःचे पाठवलेस तर वर्षाला १० लाखांपर्यंत लागत नाही. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडुस योजनेचा अर्जही कर, त्याची शिष्यवृत्ती महिन्याला १,४०० युरोची आहे आणि ती आपल्या मुलांना मिळते. बहुतेक अर्ज हिवाळ्यातच बंद होतात, म्हणजे आत्ताच.

तू लिहिलंस, 'तिथे पार्टटाइम करून खर्च काढीन.' पदवीच्या विद्यार्थ्यांना आठवड्याला ३० तासांपर्यंत काम करता येतं, हे खरं. किमान वेतनही २०२५ मध्ये महिन्याला १,१८४ युरो होतं, वर्षाचे १४ पगार धरून. पण ते पूर्ण वेळ कामाचं. भाषा तोंडात बसल्याशिवाय लहान गावात काम कोण देणार? माझ्या वहीत मी न आलेली रक्कम कधी जमेला धरली नाही. तूही धरू नकोस. पहिले सहा महिने मजुरी शून्य, असंच मांड.

आता जे लिहायला जड जातं ते. १९८३ मध्ये मी आखातात जायला निघालो होतो. मुंबईतल्या एका एजंटला नऊ हजार रुपये दिले. त्यासाठी आईनं हातातल्या पाटल्या मोडल्या होत्या. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याच्या दाराला कुलूप होतं आणि जिन्यात माझ्यासारखी पंधरा-वीस पोरं बसलेली. पासपोर्ट मिळाला, पैसे नाही. आई शेवटपर्यंत काचेच्या बांगड्यांवर राहिली. मला त्यावरून कधी बोलली नाही, तेच जास्त लागलं.

म्हणून तुझ्या मैत्रिणीनं सुचवलेल्या त्या दुसऱ्या वाटेबद्दल मी कडक लिहितो. पर्यटक व्हिसावर जायचं, तिथेच राहायचं, दोन वर्षांनी कागद होतात, असं तिच्या ओळखीचा एजंट सांगतो. 'आराईगो' म्हणून तरतूद आहे, मे २०२५ पासून तिची मुदत तीनवरून दोन वर्षांवर आली, इथवर तो खरं बोलतो. ती दोन वर्षं कशी जातात ते तो सांगत नाही. कागदाविना राहणारी मुलगी मिळेल त्या मजुरीवर राबते, मालकानं पैसे बुडवले तर तक्रार करायला धजत नाही, घरी कुणाचं बरंवाईट झालं तर येऊ शकत नाही. पर्यटकाला १८० दिवसांत ९० दिवस, बस. ऑक्टोबर २०२५ पासून तिकडच्या सीमेवर येता-जाता बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवायला सुरुवात झाली आहे, तेव्हा जास्त राहिलेलं लपतही नाही. त्या वाटेला तू जायचं नाहीस. यावर मला चर्चा नको.

कागद सगळे स्वतः कर. पदवीचं प्रमाणपत्र आणि पोलिसांचा दाखला यांना अपोस्टिल लागतं आणि मग स्पॅनिशमध्ये अधिकृत भाषांतर. वेळ खातं, पण यात एजंटनं करावं असं काही नाही. पोचल्यावर महिन्याच्या आत परदेशी नागरिकांचं कार्ड, तिये, यासाठी अर्ज करायचा. आणि खोली घेताना पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नकोस. 'इथल्या पत्त्यावर पालिकेत नाव नोंदवता येईल ना?' हे विचार. या नोंदणीला एंपाद्रोनामिएंतो म्हणतात, पुढचं बरंच काही तिच्यावर अडतं. नोंदणी नाही म्हणणारी स्वस्त खोली महागात पडते. आणि खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय, व्हिडिओ कितीही छान असला तरी, डिपॉझिट पाठवायचं नाही. पहिले आठ-दहा दिवस होस्टेलवर काढ.

भाषेवर आजपासून रोज दीड तास दे. खर्च वाचवणारी याहून मोठी गोष्ट नाही. भाडं ठरवताना, बाजारात, दवाखान्यात, कामाच्या मुलाखतीत, सगळीकडे तीच उपयोगी पडते. दिल्लीला सर्वांतेस संस्था आहे, स्पॅनिश सरकारची, तिची परीक्षा जगभर मानतात. मराठी माणसाला उच्चार सोपे जातात. त्यांचा 'त' आणि 'द' आपल्यासारखाच दातांवरचा, आणि 'एस्पान्या'तलं 'ñ' हे अक्षर म्हणजे आपला 'ञ'. अल्कॉयला व्हॅलेन्सियन बोलीही कानावर पडेल, घाबरू नकोस. इचलकरंजीत गेलीस तेव्हा कानडी कुठे येत होती?

जेवणाची चिंता ताईनं करावी, मी करत नाही. व्हॅलेन्सियाकडे तांदूळ पिकतो, मसूर आणि काबुली चणे तिथल्या रोजच्या खाण्यात आहेत. इंडक्शनवर चालणारा तीन लिटरचा कुकर घेऊन जा. दुपारी बाहेर जेवायची वेळ आली तर 'मेनू देल दिया' मागायचं, म्हणजे ठरलेल्या पैशांत दोन पदार्थ, पाव, काहीतरी गोड. त्यांची बिस्सीच समज.

शिकून झाल्यावर नोकरी शोधायला चोवीस महिन्यांपर्यंत राहायची परवानगी मागता येते. नागरिकत्वाला मात्र आपल्याला दहा वर्षं कायदेशीर वास्तव्य लागतं, लॅटिन अमेरिकेतल्यांना दोन. हे आधीच माहीत असू दे. सिंध्यांची कॅनरी बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या दुकानं आहेत. त्यांचं बस्तान एका माणसानं एका वर्षात बसवलेलं नाही. पहिल्यानं कळ काढली, मग दुसऱ्याला बोलावलं. तुला बोलावणारं तिथे कुणी नाही. तू पहिली आहेस, म्हणून गाठीला सहा महिन्यांचे पैसे जास्त हवेत. त्यातले दोन लाख मी देतो. माझी ठेव मार्चमध्ये सुटते. भाऊजींना हे मी सांगेन, तू सांगू नकोस.

संक्रांतीला येशील तेव्हा बँकेचं पासबुक, गुणपत्रिका आणि एक कोरी वही घेऊन ये. पहिलं पान आपण दोघं मिळून लिहू.

तुझा,
मामा