गोठत्या पावसाची चाहूल

उन्हाळ्याच्या तोंडीं वळवाचा पाऊस येतो आणि त्याबरोबर कधीं कधीं गाराहि पडतात. त्या वेंचून तोंडांत टाकण्याची मौज आमच्या बहुतेक बालवाचकांनीं अनुभविली असेल. आणि ज्यांच्या घरीं द्राक्षांचा मळा किंवा गव्हाचें शेत आहे, त्यांच्या वडील मंडळींस त्या मौजेची दुसरी बाजूहि ठाऊक असेल. गार ही ढगांतच गोठते व घन रूपानेंच खालीं येते. परंतु पाण्यानें पाणी म्हणूनच खालीं यावें आणि ज्या वस्तूस त्याचा स्पर्श होईल तिच्यावर क्षणार्धांत बर्फ होऊन बसावें, हा प्रकार आपल्या महाराष्ट्रांत पाहावयास मिळत नाहीं. कॅनडाचा आग्नेय भाग व त्यास लागून असलेलीं अमेरिकेचीं ईशान्येकडील संस्थानें येथें मात्र तो हिवाळ्यांत नेहमींचा आहे. त्यास आपण 'गोठता पाऊस' म्हणूं. त्याची चाहूल तेथील हवामानशास्त्रज्ञ कशी घेतात, आणि इतकीं साधनें हाताशीं असतांहि त्यांचें भाकीत निश्चित कां होत नाहीं, हें येथें पाहावयाचें आहे.

थंड प्रदेशांत हिवाळ्यांतील बहुतेक पाऊस ढगांतून निघतांना हिमाच्या पाकळ्यांच्या रूपांत असतो. जमिनीपासून ढगापर्यंतची हवा हा एक तीन मजली वाडा आहे अशी कल्पना करा. वरच्या मजल्यावर हिम आहे. मधल्या मजल्यावर दक्षिणेकडून आलेली उबदार हवा शिरली आहे. तिचें उष्णमान शून्य अंशाहून थोडें अधिक, म्हणून तेथून जातांना हिम वितळून त्याचे थेंब बनतात. तळमजल्यावर उत्तरेची थंड हवा ठाण मांडून बसलेली असते. हा तळमजला बुटका असेल, तर थेंबांस गोठावयास अवसर मिळत नाहीं. ते शून्य अंशाच्या खालीं थंड होतात, पण राहतात द्रवच.

'शून्य अंशाखालीं पाणी द्रव राहील कसें?' हा प्रश्न वर्गांत हटकून येतो. पाण्याच्या कणांस बर्फाच्या ठराविक घडणींत बसण्यास आरंभीं कांहीं आधार लागतो, मग तो धुळीचा कण असो कीं बर्फाचाच स्फटिक असो. असा आधार न मिळाल्यास ढगांतील अतिसूक्ष्म शुद्ध थेंब उणे ३५ अंशांपर्यंतहि द्रव राहूं शकतात. या अतिशीत थेंबास तार, फांदी किंवा रस्ता यांचा आधार मिळाला कीं तो प्रथम पसरतो व मग गोठतो. आधीं पसरतो म्हणूनच त्याचें कवच कांचेसारखें पारदर्शक व घट्ट चिकटलेलें होतें.

आतां वाड्याच्या मजल्यांची उंची थोडी बदलून पाहा. मधला उबदार मजला फारच बुटका असला, तर हिम पुरतें वितळत नाहीं व जमिनीवर हिमच पडतें. तळमजला उंच असला, तर थेंब वाटेंतच गोठून त्यांचे टणक दाणे होतात. ते तडतड वाजतात, उसळतात, पण चिकटत नाहींत. जमिनीलगतचें उष्णमान शून्याच्या एक अंश वर असलें, तर साधा पाऊस पडतो आणि लोक छत्री घेऊन कामावर जातात. तेंच एक अंश खालीं असलें, तर त्याच पावसानें झाडें मोडतात. एकाच ढगांतून निघालेलीं हीं चार फळें, आणि त्यांतील अंतर एकदोन अंशांचें. भाकीत करणाराची खरी अडचण ही आहे.

यांत आणखी एक गुंतागुंत आहे. एक ग्रॅम पाणी गोठतांना सुमारें ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकतें, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थी पदार्थविज्ञानांत शिकलेच आहेत. म्हणजे हा पाऊस जों जों गोठतो, तों तों भोंवतालची हवा तापवितो. कांहीं तासांत उष्णमान शून्यावर येतें आणि गोठणें आपोआप थांबतें. या संकटानें स्वतःच स्वतःचा अंत करावा अशीच जणूं निसर्गाची योजना आहे, आणि बहुतेक वेळां तसें होतेंहि. मात्र थंड हवेचा पुरवठा अखंड चालूं राहिला, तर ही योजना फसते.

१९९८ सालच्या जानेवारींत तेंच झालें. माँट्रिऑल व ओटावा या शहरांस गोठता पाऊस नवा नाहीं. वर्षांतून सरासरी बारा ते सतरा दिवस तो तेथें पडतो, परंतु एका वेळीं कांहीं तासच. ४ जानेवारीस उशिरां पावसास आरंभ झाला. मेक्सिकोच्या आखाताकडून उबदार व ओलसर हवा उत्तरेस चढत होती. उत्तरेस थंड, जड हवा पसरलेली होती, आणि ईशान्येचा वारा ती सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यांतून सतत लोटीत होता. खोरें म्हणजे जणूं थंड हवेचा पाटच झालें. गोठण्यानें जी ऊब निर्माण होई ती या पाटांत तत्काळ विरून जाई. पूर्वेस अटलांटिक महासागरावर जास्त वायुभाराचा प्रदेश अडून बसल्यानें ढगांस पुढें सरकण्यास वाट मिळेना. १० जानेवारीपर्यंत पाऊस थांबून थांबून येतच राहिला. गोठता पाऊस व गोठते तुषार मिळून ८० तासांहून अधिक काळ भरला. माँट्रिऑल येथें सुमारें १००, ओटावा येथें ८५ आणि कॉर्नवॉल येथें १०८ मिलिमीटर पाणी पडलें. पूर्वीं गाजलेलीं तशीं वादळें म्हणजे १९६१ चें माँट्रिऑलचें व १९८६ चें ओटावाचें; त्यांत ३० ते ४० मिलिमीटरच पडलें होतें.

मुंबईच्या वाचकांस १०० मिलिमीटर म्हणजे विशेष कांहीं वाटणार नाहीं. आषाढांत तेवढा पाऊस तेथें एका दिवसांत पडतो व वाहून जातो. येथें तो वाहून गेला नाहीं, जागच्या जागीं चिकटून बसला, हें ध्यानांत घ्यावें. थोडें गणित करूं. दोन सेंटिमीटर जाडीची एक तार आहे आणि तिच्याभोंवतीं सर्व बाजूंनीं अडीच सेंटिमीटर बर्फ बसला आहे असें समजा. बर्फाचें विशिष्टगुरुत्व सुमारें ०.९२ धरलें, तर दर मीटरास सवातीन किलो बोजा होतो. दोन मनोऱ्यांमध्यें ३०० मीटर अंतर असेल, तर एकट्या तारेवर जवळजवळ एक हजार किलो. आतां बर्फाची जाडी दुप्पट करा. बोजा दुप्पट न होतां तिप्पट होतो, दर मीटरास दहा किलोंहून अधिक. विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण वर्तुळाच्या क्षेत्रफळाचें सूत्र घेऊन स्वतः सोडवून पाहावें. भाकितांत जाडीची थोडी चूक झाली तर मनोऱ्यास ती केवढी भोंवते, तें त्यावरून कळेल.

त्या आठवड्यांत शेंकडों पोलादी मनोरे वांकून कोसळले, हजारों लाकडी खांब मोडले आणि सुमारें चाळीस लाख लोक अंधारांत सांपडले. कांहीं घरांत वीज येण्यास महिना लागला. ९ जानेवारीस माँट्रिऑलच्या जलशुद्धीकरण केंद्रांची वीजहि तुटली व एवढ्या मोठ्या नगरास पाणी मिळतें कीं नाहीं असा प्रसंग आला. खेड्यांत गाईंच्या धारा काढणारीं यंत्रें बंद पडलीं. ज्यांच्या चिकापासून साखरेचा पाक करतात त्या मेपल वृक्षांच्या राया मोडल्या. पंचवीसहून अधिक माणसें दगावलीं. कांहीं थंडीनें, तर कांहीं बंद खोलींत शेगडी किंवा यंत्र चालवून त्याच्या विषारी वायूनें. मदतीस जवळजवळ १६,००० सैनिक पाठवावे लागले.

पूर्वीं मनुष्य आभाळाचा रंग पाहून हवा ताडीत असे. मत्तयकृत शुभवर्तमानांतहि त्या रीतीचा उल्लेख आलेला आहे. गोठत्या पावसापुढें ती रीत चालत नाहीं, कारण जें कळावयास हवें तें ढगाच्या पोटाखालीं दडलेलें असतें. म्हणून दिवसांतून दोन वेळां जगभर यंत्रें बांधलेले फुगे आकाशांत सोडतात. आपलें भारतीय हवामान खातेंहि सोडतें. फुगा वर चढतां चढतां प्रत्येक थरांतील उष्णमान, आर्द्रता व वायुभार बिनतारी संदेशानें कळवितो. अडचण अशी कीं दोन ठाण्यांत शेंकडों किलोमीटर अंतर व दोन फुग्यांत बारा तास. आणि आपला तो तळमजला कित्येकदां कांहीं शें मीटरच उंच असतो, व तासा दोन तासांत बदलतो. ती उणीव रडार कांहीं अंशीं भरून काढतें. अर्धवट वितळलेलें हिम रडारला साध्या हिमाहून किंवा थेंबाहून अधिक उजळ दिसतें, त्यामुळें उबदार मजल्याचें छत कोठें आहे तें त्या उजळ पट्ट्यावरून ओळखतां येतें. कृत्रिम उपग्रह ढगांचीं डोकीं उत्तम दाखवितात. पायांविषयीं त्यांचें ज्ञान बेताचेंच.

ही सर्व माहिती गणकयंत्रांत घालून पुढील हवा काढतात. १९६१ सालीं एडवर्ड लॉरेंझ या अमेरिकन शास्त्रज्ञानें असेंच एक गणित पुन्हां करतांना ०.५०६१२७ या संख्येऐवजीं ०.५०६ एवढीच संख्या घातली. पहिल्यानें दोन्हीं उत्तरें जुळलीं, मग थोडीं दुरावलीं आणि अखेर त्यांचा एकमेकांशीं कांहीं संबंधच उरला नाहीं. आरंभीची अगदीं लहान उणीव हवेच्या गणितांत वाढत जाते, ही गोष्ट त्यांनीं १९६३ सालीं प्रसिद्ध केली. यावर उपाय म्हणून १९९२ पासून युरोप व अमेरिकेंतील मोठ्या केंद्रांत एकच गणित न करतां आरंभ किंचित् बदलून तें अनेक वेळां करतात. समजा, पन्नास गणितांपैकीं तीसांत बर्फ निघाला, तर शक्यता शेंकडा ६० असें स्थूलमानानें म्हणतां येतें. शहराच्या शेंकडा ६० भागावर बर्फ पडेल, असा अर्थ कित्येक जण करतात. तो चुकीचा आहे.

पांच दिवस आधीं 'कांहींतरी येत आहे' एवढेंच कळतें. दोन दिवसांवर आलें म्हणजे प्रांत ठरतो. परंतु पाऊस व बर्फ यांमधील रेषा वीस मैल इकडे कीं तिकडे, हें पुष्कळदां शेवटच्या रात्रींच उघड होतें, आणि लोकांस निर्णय तर आधींच करावा लागतो. एखाद्या शाळाधिकाऱ्यानें रविवारीं सायंकाळीं शेंकडा ६० हा आंकडा ऐकला, तर सोमवारीं शाळा भरवावी कीं बंद ठेवावी? बंद ठेवली आणि नुसताच पाऊस पडला, तर पालक हंसतील व पुढच्या वेळीं 'लांडगा आला रे' म्हणतील. भरवली आणि रस्त्याची कांच झाली, तर मुलांनीं भरलेली मोटार घसरेल. माझ्या मतें येथें शेंकडा ३० देखील पुरेसे आहेत, कारण एका दिवसाचा अभ्यास भरून काढतां येतो. दुकानदारानें मात्र त्याच ३० वर दुकान बंद ठेवण्याचें कारण नाहीं. रुग्णालयानें तर शेंकडा १० वरसुद्धां आपलें वीजयंत्र तपासून व तेल भरून ठेवावें. आंकडा एकच, पण प्रत्येकाचें उत्तर निराळें. म्हणून 'होणार' किंवा 'नाहीं होणार' असें ठाम सांगणाऱ्या शास्त्रज्ञापेक्षां आंकडा सांगणारा शास्त्रज्ञ अधिक उपयोगी.

१९९८ नंतर क्वेबेक प्रांताच्या वीजसंस्थेनें लेव्ही येथें एक यंत्रणा उभारली आहे. एखाद्या मुख्य वाहिनीवर बर्फ धरूं लागला कीं तिच्यांतून प्रचंड एकदिश प्रवाह सोडून तारा तापवितात आणि बर्फ गळून पडतो. परंतु तेवढा वेळ ती वाहिनी ग्राहकांच्या सेवेंतून काढून घ्यावी लागते. ती कोणत्या तासास काढावयाची, हें तेथील यंत्रशास्त्रज्ञ अजूनहि वेधशाळेस विचारूनच ठरवितात.